गडग्याच्या वाटेत मावणारा ट्रॅक्टर

जून २०२४ मध्ये आमच्या शेताची चिखलणी अकरा दिवस उशिरा झाली. तरवा (लावणीची भातरोपे) वाढून पिवळा पडू लागला होता, पाऊस नियमित होता, माणसे तयार होती, फक्त भाड्याचा ट्रॅक्टर येत नव्हता. गोव्यात आमच्या साखळी गावाच्या परिसरात त्या एका आठवड्यात सगळ्यांनाच तोच ट्रॅक्टर हवा असतो आणि ज्याचे कुणगे (बांधांनी आखलेले भातशेतीचे तुकडे) रस्त्याला लागून आहेत त्याचा नंबर आधी लागतो. आमचे कुणगे आत आहेत. त्या वर्षी तासाला १,००० रुपये देऊनही वरचे दोन कुणगे पडीक राहिले आणि स्वतःचे लहान यंत्र घेण्याचा विषय घरात प्रथमच गंभीरपणे निघाला. तेव्हापासून ट्रॅक्टर घेऊन त्यावरच्या सरकारी अनुदानाची रक्कम खात्यात जमा होईपर्यंत वीस महिने गेले. त्यांतले निदान सहा महिने आम्हाला काय विचारायचे हेच ठाऊक नसल्यामुळे गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची जमीन एकूण १२,००० चौरस मीटर आहे. त्यात सुमारे ४,५०० चौरस मीटर कुळागर (पोफळी, नारळ, केळी यांची बाग), ३,००० चौरस मीटर भातशेती आणि उरलेला काजूचा डोंगरउतार. यजमान नोकरीनिमित्त आठवड्यातून एकदाच घरी येतात, त्यामुळे रोजचा व्यवहार सासूबाई, धाकटे दीर आणि मी पाहतो. बैलजोडी आमच्याकडे पूर्वी होती, पण आता गावातच जोत राहिलेले नाही. या जमिनीसाठी ट्रॅक्टर घेणे हे हिशेबात बसते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. भाड्याची नांगरणी, सुपारी-नारळ डोक्यावरून वाहून आणण्याची मजुरी आणि गवत कापणी मिळून वर्षाला साधारण ५४,००० रुपये खर्च होत होते. यंत्र घेतल्यावर डिझेल, विमा आणि दुरुस्ती सोडली तरी हा सगळा खर्च वाचत नाही. म्हणजे केवळ पैशांकडे पाहिले तर आमचा निर्णय काठावरचा होता. तो घेतला तो वेळेवर चिखलणी व्हावी म्हणून, आणि ओझी वाहणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत म्हणून.

पहिली चूक मी अशी केली की जानेवारी २०२५ मध्ये थेट दुकानात गेले. तेथे मला पहिला प्रश्न विचारण्यात आला, "किती एचपीचा हवा?" आणि दुसरे वाक्य होते, "वहिनी, मिस्टरांना घेऊन या, म्हणजे नीट बोलता येईल." दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हते. चार रंगीत पत्रके घेऊन मी घरी आले आणि ती सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा न लावताच ती बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आदीं वाट मेज, मागीर गाडी पळय." म्हणजे, आधी वाट मोज, मग गाडी बघ.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धाकटे दीर आणि मी टेप घेऊन फिरलो. कुळागराला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे आणि त्यातून आत जाण्याची वाट ५२ इंच रुंद निघाली. गडगा शेजाऱ्यांशी सामाईक असल्याने चिरे काढून वाट वाढवणे हा एका दिवसाच्या गवंडीकामाचा विषय नव्हता, तर दोन घरांच्या जुन्या बोलाचालीचा होता, आणि तो आम्ही तेथेच सोडला. आत पोफळींच्या ओळींत नऊ फुटांचे अंतर आहे, पण मध्ये केळी आणि मिरवेली असल्यामुळे खरी मोकळी जागा कित्येक ठिकाणी पाच फूटच आहे. पाटावरचा साकव पाच फूट रुंद, त्याखालची भिंत जुन्या चिऱ्यांची. शेतात आठ कुणगे आहेत, प्रत्येकाची मेर, म्हणजे बांध, दीड फूट उंच आहे आणि एका कुणग्यातून दुसऱ्यात चाकाने उतरायला कोठेही जागा नाही. हे सगळे आम्ही वहीच्या एका पानावर काढले. पुढे जेथे जेथे गेलो तेथे ते पान आधी पुढे केले, आणि विक्रेत्यांचे बोलणे निम्म्यावर आले.

फेब्रुवारीत आम्ही जुने गोव्याला एला येथील कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तेथील भेट तासाभराची होती, पण तिने आमची कामांची यादीच बदलून टाकली. कुळागरात रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारे अवजार) फिरवण्याचा माझा विचार तेथे मोडीत निघाला, कारण पोफळीची मुळे उथळ असतात आणि ती तुटली की झाड पुढच्या पावसाळ्यात रोगाला लवकर बळी पडते. कुळागरात यंत्राचे काम म्हणजे वाहतूक आणि गवत, इतकेच. काजूच्या उतारावर ट्रॅक्टर नेऊच नये, विशेषतः उताराला आडवा तर मुळीच नको, तेथे खांद्यावरचा ग्रासकटर पुरे. म्हणजे खरी मशागत उरली ती ३,००० चौरस मीटरची. एवढ्यासाठी पॉवर टिलर (मागून चालत चालवायचे लहान यंत्र) का नको, असे त्यांनी विचारले आणि तो प्रश्न रास्त होता, कारण टिलर ट्रॅक्टरच्या साधारण एक तृतीयांश किमतीत येतो आणि आमच्याकडे गोव्यात भातशेतीत तोच जास्त दिसतो.

त्याचे उत्तर मी घरी येऊन कागदावर काढले. टिलर एका फेरीत सुमारे दोन फूट, म्हणजे ०.६ मीटर पट्टा घेतो. ३,००० चौरस मीटरसाठी एका वेळेला पाच किलोमीटर चालावे लागते. चिखलणीला तीन वेळा फिरवायचे झाले तर पंधरा किलोमीटर, तेही पोटरीभर चिखलात, थरथरणारे दांडे धरून, आणि प्रत्येक वळणावर यंत्र उचलून फिरवत. दिरांची पाठ दोन वर्षांपूर्वी धरली होती आणि माझा उजवा खांदा दुखरा आहे. ज्यांच्या घरी तिशीतला माणूस आहे त्यांनी टिलरच घ्यावा, असे मी आजही म्हणेन. आमच्याकडे तो नव्हता.

मग दुकानांची खरी फेरी सुरू झाली. म्हापसा आणि फोंडा येथे गेलो आणि एका रविवारी चोर्ला घाट चढून बेळगावलाही जाऊन आलो, कारण तेथे एकाच रस्त्यावर अनेक कंपन्यांची यंत्रे पाहायला मिळतात. लहान ट्रॅक्टरांत ढोबळ मानाने दोन घराणी आहेत, हे तेथे समजले. एक १५ अश्वशक्तीच्या आसपासचे, एका सिलिंडरचे आणि फक्त मागची चाके ओढणारे, जसे महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७. दुसरे २४ अश्वशक्तीच्या आसपासचे आणि चारही चाके ओढणारे, जसे महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी२४४१, ज्यांत पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला तीन सिलिंडर आहेत. पहिल्या घराण्याची किंमत त्या वेळी साडेतीन लाखांच्या आत सांगितली जात होती, दुसऱ्याची साडेपाच ते सहा लाखांच्या दरम्यान. अडीच लाखांचा फरक पाहून आम्ही पहिल्याकडेच झुकलो होतो.

पत्रके वाचताना दोन ठिकाणी फसायला होते. पत्रकात चाकांतील अंतर म्हणून जो आकडा असतो तो बहुधा एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंतचा असतो. त्यात टायरची रुंदी मिळवली की मगच ट्रॅक्टरची बाहेरून बाहेरची रुंदी मिळते. टायर आठ इंची असेल तर तीस इंचांचा आकडा प्रत्यक्षात अडतीस होतो, शिवाय चिखलरक्षक आणि धुऱ्याची टोके वेगळी. म्हणून दुकानात स्वतः टेप लावावा. रोटाव्हेटरचेही तेच आहे. चार फुटी रोटाव्हेटर म्हणजे पाती चार फूट जागा घेतात, परंतु बाजूची गिअरपेटी आणि पत्रे धरून तो साडेचार फुटांपर्यंत जातो. आमची वाट चार फूट चार इंचांची. आम्ही चार फुटीची बोलणी जवळजवळ पक्की केली होती, दिरांनी सहज टेप लावला आणि वाचलो. शेवटी साडेतीन फुटी घेतला, जो बाहेरून ४८ इंच भरतो आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून आत जातो. चाके इतकी जवळ घेतली की ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा धोका वाढतो, हेही त्याबरोबर लक्षात ठेवायचे असते, आणि चाकांचे माग पुसण्याइतका तरी रोटाव्हेटर रुंद हवा.

अश्वशक्तीबद्दल एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. पत्रकावरचा आकडा इंजिनाचा असतो, पण रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पीटीओ दांड्यावर, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तेथे पोहोचेपर्यंत काही शक्ती वाटेत खर्च होते. कृषी कार्यालयातील अनुदानाचा गटही पीटीओच्या शक्तीवरून ठरतो, असे मला तेथे सांगण्यात आले. हा आकडा विश्वासाने मिळवायचा असेल तर मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची जी प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, तिचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात पीटीओवर मिळालेली प्रत्यक्ष शक्ती, तासाला लागलेले इंधन, मागच्या लिफ्टने (अवजार उचलणाऱ्या भागाने) उचललेले वजन, ब्रेकची चाचणी असे सर्व असते. एका विक्रेत्याने असा अहवाल असतो हेच प्रथम ऐकल्यासारखे केले, दुसऱ्याने दोन दिवसांत पाठवला. मला इंग्रजी तक्ते वाचायला एक संध्याकाळ लागली, पण त्या संध्याकाळी जे समजले ते चार दुकानांत समजले नव्हते.

मार्च आणि एप्रिल कागदपत्रांत गेले. अनुदानासाठी कृषी खात्याचे शेतकऱ्याला मिळणारे कृषी कार्ड लागते. आमचे कार्ड सासऱ्यांच्या नावे होते आणि ते २०१८ मध्ये वारले. कुळागराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील सातबारासारखा जमिनीचा उतारा) कब्जेदार म्हणून यजमान, दीर आणि दोन चुलतभावांची नावे आहेत. शेताच्या उताऱ्यावर मात्र सासऱ्यांचे नाव अजून कुळाच्या रकान्यात होते. सुदैवाने वारसाचा दस्त, ज्याला आपल्याकडे सगळे सक्सेशन डीड म्हणतात, तो आधीच करून ठेवलेला होता, पण त्यावरून नावे उताऱ्यावर चढवण्याचा अर्ज कोणी केलाच नव्हता. मामलेदार कार्यालयात तो अर्ज १० मार्चला दिला. नोटिसांची मुदत आणि एक पुढे ढकललेली सुनावणी धरून नवीन नावांचा उतारा मे महिन्याच्या अखेरीस हातात आला. चुलतभावांपैकी एक मुंबईला आणि एक बेळगावला असतो. त्यांचे ना हरकत दाखले नोटरीकडून करून घ्यायचे होते. बेळगावचा दाखला ट्रॅक्टर पाहायला गेलो त्याच दिवशी उरकला, मुंबईचा मात्र दोन वेळा परत आला, कारण एकदा त्यात सर्व्हे क्रमांकाचा उपविभाग लिहायचा राहिला आणि दुसऱ्यांदा नाव आधार कार्डाप्रमाणे नव्हते. यावरून एवढेच सांगेन की ट्रॅक्टरचा विचार मनात आला की दुकानाआधी स्वतःचा एक-चौदाचा उतारा काढून नावे पाहून घ्यावीत. वारलेल्या माणसाचे नाव त्यावर असेल तर तेच काम पहिले.

विभागीय कृषी कार्यालयातील कारकुनांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिच्यासाठी मी त्यांची आभारी आहे. पूर्वमंजुरीचे पत्र हातात पडेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नये. आधी खरेदी केलेल्या यंत्राचे बिल नंतर अनुदानात बसवता येत नाही. बेळगावला किंमत थोडी कमी सांगितली होती, परंतु आमच्या प्रस्तावाला गोव्यात नोंद असलेल्या विक्रेत्याचे दरपत्रक आवश्यक होते, त्यामुळे घाटापलीकडचा विषय तेथेच संपला.

जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर आम्ही विक्रेत्यांना आमच्या शेतात येऊन यंत्र चालवून दाखवण्याची विनंती केली. उन्हाळ्यात कडक जमिनीवर दाखवलेले प्रात्यक्षिक आमच्या कामाचे नव्हते. पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर १२ जूनला आला. वरच्या पाच कुणग्यांत तो अगदी व्यवस्थित चालला आणि दिरांनी मला डोळ्यांनीच खूण केली की घेऊन टाकू. सहाव्या कुणग्यात बाजूच्या व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी झिरपते. तेथे मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि पाहता पाहता ट्रॅक्टर पोटावर बसला. माडाचे दोन ओंडके, सहा माणसे आणि तीन तास लागले त्याला बाहेर काढायला. यात त्या यंत्राचा दोष होता असे मी म्हणणार नाही. चिखलासाठी लागणारी लोखंडी चाके त्याला लावलेली नव्हती आणि जागा आम्हीच दाखवली होती. पण त्या तीन तासांत मला हे कळले की वर्षातून दोनदा सहावा कुणगा समोर येणारच आहे. आठवड्याने चार चाके ओढणारा २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्याच कुणग्यात, साध्या टायरवरच, उतरवला. तोही एकदा घसरला, परंतु पुढच्या चाकांनी ओढून स्वतःच वर आला. तेथे अडीच लाखांच्या फरकाचा प्रश्न सुटला. ज्यांच्या शेतात असा पाणथळ भाग नाही त्यांनी आमचे पाहून जास्तीचे पैसे घालू नयेत.

त्याहून मोठा ट्रॅक्टर का नको, असे विचारणारेही गावात होते. भाताच्या कुणग्याखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने एक घट्ट थर तयार झालेला असतो आणि पाणी धरून ठेवतो तो थरच. जड ट्रॅक्टर तो फोडतो आणि मग कुणगा पाणी धरत नाही. आमच्या एका शेजाऱ्यांच्या कुणग्यात हे आम्ही पाहिलेले आहे.

आता उरले दोन ट्रॅक्टर. दोन्ही सारख्याच शक्तीचे, दोन्ही चार चाके ओढणारे. येथे मी दोन्हींवर प्रत्येकी अर्धा तास बसले. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. क्लच पूर्ण दाबताना पाठ आसनाला टेकलेली राहते का, मान वळवून मागचा रोटाव्हेटर दिसतो का, लिफ्टचा दांडा उजव्या हाताला सहज लागतो का, हे बसल्याशिवाय समजत नाही, आणि जो चालवणार आहे त्यानेच बसून पाहायला हवे. विक्रेत्यांचा समज असा की चालवणार दीर आणि मी हौसेने बसते आहे. परवान्याबद्दल मला शंका होती, ती येथेच सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार रिकामे वजन ७,५०० किलोच्या आत असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, त्यामुळे माझा मोटारीचा परवाना पुरेसा ठरला.

ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान आणि आसनाचा पट्टा आम्ही १४,००० रुपये जास्त देऊन कंपनीकडूनच बसवून घेतला. कमानीचा वरचा भाग दुमडता येतो, त्यामुळे केळीच्या पानांखालून जाता येते, पण बाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करायची शिस्त लावून घ्यावी लागते. सासूबाईंनी या एका खर्चाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

दोघांपैकी एक निवडताना शेवटी मी यंत्राकडे पाहिलेच नाही. दोन्ही विक्रेत्यांना सकाळी साडेसातला फोन केला, शेतात ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्री किती वेळात येईल असे विचारले आणि त्या मिस्त्रीचाच क्रमांक मागितला. एकाचा मिस्त्री डिचोलीहून येणारा होता, त्याने स्वतः फोन घेतला आणि गाव ओळखले. दुसऱ्याने तक्रार नोंदवण्याचा क्रमांक दिला. मी कोणता घेतला त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या तालुक्यात या दोन फोनांची उत्तरे नेमकी उलटी येऊ शकतात.

प्रस्ताव ४ जुलैला दाखल केला. त्यासोबत नवीन नावांचे उतारे, ना हरकत दाखले, कृषी कार्ड, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि दरपत्रक जोडले. दरपत्रकात ट्रॅक्टर ५,८८,००० आणि रोटाव्हेटर ८४,००० रुपये होता. आमची जमीन एक ते दोन हेक्टरांच्या दरम्यान असल्याने आम्ही लहान शेतकरी ठरतो आणि यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत लहान शेतकऱ्याला चाळीसऐवजी पन्नास टक्के मिळतात. मात्र त्यावर एक कमाल मर्यादा असते आणि आमच्या ट्रॅक्टरला ती मर्यादाच लागू झाली. "निम्मे पैसे सरकार देते" असे जे बोलले जाते ते ऐकून खिशाचा हिशेब करू नये. मला मिळालेला आकडाही देत नाही, कारण मर्यादा बदलत असते आणि जुन्या आकड्यावर कोणी विसंबू नये.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. कार्यालयात तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा फाईल वर गेली आहे असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच होते. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या वर्षीची चिखलणी पुन्हा भाड्यानेच उरकावी लागली, याचे वाईट वाटत राहिले. पूर्वमंजुरीचे पत्र २ सप्टेंबरला आले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कर परिषदेने ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. नवा दर २२ सप्टेंबरपासून लागू होणार होता. विक्रेत्याचा फोन लागलीच आला की पत्राची मुदत आहे, पैसे लगेच भरून टाका. मुदत किती हे मी पत्रात वाचले, साठ दिवस होती, आणि थांबले. १२ टक्के धरून ५,८८,००० म्हणजे मूळ किंमत ५,२५,०००. पाच टक्क्यांनी ती ५,५१,२५० होते. रोटाव्हेटर ८४,००० चा ७८,७५० होतो. दोन्ही मिळून ४२,००० रुपयांचा फरक एकोणीस दिवस थांबून पडत होता. फक्त दरपत्रक बदलल्यामुळे कार्यालयात सुधारित दरपत्रक, एक अर्ज आणि पुन्हा एक सही लागली.

पैशांची जुळणी अशी केली. शेतीकर्जाची तारणाविना मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून १.६ लाखांवरून २ लाखांवर नेली होती. म्हणून कर्ज २ लाखांपुरतेच घेतले, ज्यामुळे जमिनीचा कागद बँकेत ठेवावा लागला नाही, ट्रॅक्टर मात्र बँकेच्या नावे तारण आहे. उरलेली रक्कम मुदत ठेव मोडून भरली. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर ६,३०,०००, कमान १४,०००, चिखलासाठी लोखंडी चाके १९,०००, आणि विमा, नोंदणी, क्रमांकपट्टी मिळून साधारण १६,०००. एकूण ६,७९,००० रुपये.

ट्रॅक्टर २९ सप्टेंबरला घरी आला आणि २ ऑक्टोबरला दसऱ्याला अवजारांबरोबर त्याचीही पूजा झाली. नोंदणीसाठी अर्जाचा नमुना २०, विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१ आणि वाहन रस्त्यायोग्य असल्याचा नमुना २२, हे तीन कागद विक्रेत्याकडून ताब्यात घेताना इंजिन आणि चासीचे क्रमांक स्वतः यंत्रावर पाहून जुळवावेत. आमच्या नमुना २१ वर चासीचा एक अंक चुकला होता. दुकानातच लक्षात आले म्हणून अर्ध्या तासात दुरुस्त झाला. डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात तपासणी होऊन जीए ०४ चा क्रमांक मिळायला दोन आठवडे लागले. ट्रॉली घेतलेली नाही, कारण तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि आमच्या साकवाचा मला भरवसा नाही. त्याऐवजी लिफ्टवर बसणारी लोखंडी पेटी गावच्या वेल्डरकडून ६,५०० रुपयांत करून घेतली. तीत नारळ, शेणखत, क्वचित एखादे केळीचे रोप, असे सगळे जाते.

वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या) मशागतीला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी प्रथम कुणग्यात उतरले. मेरा ओलांडण्यासाठी आधी चिरे आणि माती टाकून उतार करून घेतले होते. डावा आणि उजवा असे दोन वेगळे ब्रेक शेतात वळताना फार उपयोगी पडतात, पण रस्त्यावर येताना ती दोन पेडले खिळीने एकत्र जोडायची असतात. पहिल्या दिवशी मी ते विसरले आणि दिरांनी ओरडून थांबवले. तिसऱ्या कुणग्यात जमिनीखाली पुरलेला एक चिरा पात्यांना लागला, मोठा आवाज झाला आणि रोटाव्हेटर थांबला. माझ्या पोटात गोळा आला. डिचोलीचा मिस्त्री तासाभरात आला, पीटीओच्या दांड्यावरचा एक बोल्ट तुटला होता, आणि गिअर वाचावेत म्हणून तो तुटण्यासाठीच ठेवलेला असतो असे त्याने समजावले. बोल्ट चाळीस रुपयांचा. तेव्हापासून तसे सहा बोल्ट आणि दोन पाने आसनाखालच्या डब्यात असतात. आठही कुणगे अडीच दिवसांत झाले. सराईत माणसाला एक दिवस पुरला असता.

डिसेंबरमध्ये कृषी कार्यालयाचे अधिकारी पाहणीला आले, त्यांनी क्रमांक जुळवले, ट्रॅक्टरशेजारी अर्जदाराचा फोटो घेतला. अर्जदार यजमान असल्याने त्यांना त्यासाठी एक रजा काढावी लागली. अनुदान फेब्रुवारी २०२६ मध्ये थेट खात्यात जमा झाले आणि त्यातून कर्जाचा मोठा भाग फेडला. सध्या मीटरवर ६१ तास झाले आहेत, पन्नास तासांची पहिली सर्व्हिस झाली. सहाव्या आणि सातव्या कुणग्यांमधला मेरेचा उतार वायंगणाच्या पाण्याने खचला आहे, तो कापणी झाल्यावर, पावसाआधी, पुन्हा बांधायचा आहे.